कुंडीला नाक कशाला?

नवतपा लागला की जबलपुरातली शहाणी माणसं खिडक्यांना ओल्या चादरी लावून घरात बसतात आणि मी नर्सरीत जाते. वेडी म्हणा हवं तर. पण झाड घ्यायचं ते जेठातल्या ह्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतच, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात काय, सगळीच झाडं हसत उभी असतात. खरं कळतं ते नवतपात. हिरव्या जाळीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, धुळीत कोण उभं आहे ते बघायचं. त्याचं पान दोन बोटांत धरून दाबायचं. कुंडी उचलून खालच्या भोकातून मूळ बाहेर आलंय का ते पाहायचं. बोगनवेल, सदाफुली, अडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट, ही आपली माणसं. बाकीची दिसायला सुंदर असतील, पण ती आषाढ बघत नाहीत.

यंदाही गेले. एक सदाफुली हवी होती, गुलाबी. नर्सरीवाला ओळखीचा, माझ्या हातात कुंडी दिसली की पैसे सांगायच्या आधी चार रुपये वाढवणारा. पण आज त्यानं मला सदाफुलीकडे जाऊच दिलं नाही. "दीदी, पहले इधर आइए, नया माल आया है," म्हणत तो मला फाटकाजवळ घेऊन गेला.

तिथे ओळीनं मुंडकी मांडली होती. बुद्धाची. सोनेरी, काळी, पांढरी, एक तर गुलाबीसुद्धा. मानेपासून कापलेली, डोळे मिटलेली, आणि कपाळाच्या वर, जिथे माणसाचं डोकं सुरू होतं, तिथून उडवलेली. आत माती. मातीतून कुठे जेड, कुठे मनीप्लांट, कुठे नुसतं गवत. एका मुंडक्यातून पुदिना उगवला होता. बाप्पा! पुदिना!

"बुद्धा ले जाइए दीदी, आजकल यही चल रहा है. इसमें जेड लगा दूँ? एकदम हार्डी है, कुछ नहीं माँगता."

"भैया, और कौन-कौन से भगवान के सिर रखे हो?" मी विचारलं.

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो हसला, मला काहीतरी साधी गोष्ट ठाऊक नाही असं वाटून त्यानं समजावलं, "नहीं दीदी, बाकी तो भगवान हैं न."

मी सदाफुली न घेताच घरी आले. तो मनानं वाईट नाही हो, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर फाटकात उभी राहून भांडले असते, राइट टाउनमधल्या माझ्या घरापर्यंत आवाज गेला असता. पण ज्याला आपण काय बोललो हेच माहीत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? आणि कुठे कुठे भांडायचं? ब्यूटी पार्लरच्या पाटीवर तोच चेहरा. हॉटेलात हात धुवायला जावं तर बेसिनच्या कडेला, साबणाच्या फेसात, तोच. लग्नाच्या हॉलमध्ये चपला ठेवायच्या कोपऱ्यात तोच, वर दिव्यांची माळ गुंडाळलेली. म्हणे शांत वाटतं. अरे, तुम्हाला शांत वाटावं म्हणून आमच्या माणसाचं डोकं कापायचं?

घरी येऊन पंख्याखाली बसले आणि समोरच्या फळीकडे बघितलं. फळीवर आमचा बुद्ध आहे. पांढरा, पूर्ण, डोक्यावर कुरळे केस. उजव्या बाजूचे कुरळे डाव्यापेक्षा जरा मोठे आहेत. ते का मोठे, हे ठाऊक असलेली ह्या घरात आता मी एकटीच.

तो आमच्याकडे आला तो राइट टाउनच्या ह्या घरातला आमचा पहिला उन्हाळा होता. त्याआधी आम्ही दीक्षितपुऱ्यात भाड्याच्या खोल्यांत राहायचो. तिथल्या गच्चीवर कुंड्या ठेवायची मला भारी हौस. घरमालक म्हणायचे, पाणी टपकेल, भिंत खराब होईल. बरं बाबा, नाही ठेवत. पण त्याच गच्चीच्या कठड्यावर बाकीच्या भाडेकरूंच्या तुळशी होत्या, मोगरे होते, एकाचं तर चांगलं हातभर लिंबाचं झाड होतं. टपकायचं ते फक्त आमच्या कुंड्यांचं पाणी. आडनाव सांगायच्या आधी ते असं टपकत नव्हतं. मी काय समजायचं ते समजले होते, आणि मनाशी म्हणाले होते, एक दिवस आपली गच्ची होईल, तेव्हा बघा.

झाली. तेव्हा मी मझौलीच्या शाळेत शिकवत होते, रोजची बस. घर झालं आणि मझौलीच्या बाजारातून मी मातीच्या कुंड्या आणायला लागले. मांडीवर एक, पायाशी एक. कंडक्टर म्हणायचा, "मैडम, इनका भी टिकट लगेगा." शाळेतल्या बायका हसायच्या, शहरात मिळत नाहीत का म्हणून. मिळतात ना. पण मझौलीची कुंडी ओबडधोबड असली तरी पाणी पिते, श्वास घेते, आणि तिच्या बुडाला भोक असतं. शोभेच्या कुंडीचं सगळं लक्ष तोंडाकडे. बुड मात्र गच्च बंद, पाणी जाणार कुठे? वरून रंगरंगोटी आणि आत मुळं सडून राहिली.

माझे मिस्टर तेव्हा शहडोलला पोस्टिंगवर होते. घरात मी, माझी मुलगी मिनू आणि माझे बाबा. मी एकुलती एक, म्हणून आई गेल्यावर बाबा माझ्याकडेच आले. भंडाऱ्याकडचे, तरुणपणी नोकरीसाठी जबलपूरला आले आणि जन्मभर फाउंड्रीत मोल्डर म्हणून राबले. वाळूचे साचे भरायचे, ओतलेला लोखंडी भाग थंड झाला की तळहात फिरवून बघायचे कुठे खडबड राहिली का. म्हातारपणी काचबिंदूनं डोळे गेल्यासारखेच झाले, समोरचं सगळं धुरकट. पण हात तसाच. भाजी आणली की हातात घेऊन सांगायचे, "हे वांगं जून हाय, परत कर." माझ्या गच्चीवरची प्रत्येक कुंडी ते हात लावून ओळखायचे.

शेजारी शुक्ला भाभी. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, म्हणजे पुढे बोलणारच आहे, पण आधी हे सांगते की आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा पाण्याची बाटली घेऊन आलेली ती पहिली. आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिणारी. वाटी इकडून तिकडे गेली नाही असा दिवस नसायचा. त्या उन्हाळ्यात मिनू सुट्टीत तिच्या आत्याकडे नागपूरला गेली होती, घर सुनं होतं, आणि एका सकाळी भाभी दोन्ही हातांत काहीतरी जड उचलून दारात आली. घरभरणीला ती माहेरी होती, तिचं भेट द्यायचं राहून गेलं होतं.

"मेश्राम दीदी, आप लोग तो बुद्ध को मानते हो न, इसलिए खास ढूँढकर लाई हूँ. आपके गार्डन के लिए."

कागद काढला. पांढरं शुभ्र मुंडकं, डोक्यात स्नेक प्लांट, मातीवर रंगीत खडे चिकटवलेले. तेव्हा ह्या कुंड्या नवीनच निघाल्या होत्या, मी आधी कधी पाहिली नव्हती. मी कागद हातात धरून बघतच राहिले. भाभीला वाटलं मी भारावले. तिनं ती खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली, जरा तिरकी केली, मागे होऊन बघितलं, "कितना पीसफुल लग रहा है," म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून पळाली.

आतल्या खोलीतून बाबांनी ऐकलं होतं. "भाभीनं बुद्ध आणला?"

त्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो. मी थांबवायला हवं होतं हे कळेपर्यंत ते मोरीत गेलेसुद्धा. हातपाय धुतले, तोंड धुतलं, धुतलेली बंडी घातली. भिंतीला धरून धरून बाहेर आले. स्टुलासमोर उभे राहून हात जोडले. मग, ते सगळं बघायचे तसंच, तळहात पुढे केला. हनुवटीपासून सुरुवात केली. ओठ. नाक. मिटलेल्या पापण्यांवरून अंगठा हळूच नेला. लांब कान दोन्ही हातांनी धरले. चेहऱ्यावर असं काही समाधान, की मला वाटलं, देवा, इथेच थांबू दे त्यांचा हात. पण हात कपाळावर गेला, कपाळावरून वर गेला, आणि मातीत पडला.

बोटं आत तशीच. मग चाचपून त्यांनी पान धरलं, खडे धरले, कडेवरून सगळीकडे बोट फिरवलं, डोकं कुठे संपतं ते शोधत.

"पोरी, याच्या डोक्यात माती कोनं भरली?"

काय सांगू? हे असंच विकतात म्हणून सांगितलं. शोभेचं असतं म्हणून सांगितलं. ते पुन्हा मोरीत गेले आणि किती तरी वेळ नळ चालू राहिला. ज्या माणसानं जन्मभर वाळू-मातीत हात घातले, त्याला आज हाताची माती निघेना. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तशीच उठले, पदर खोचला आणि भाभीच्या दारात गेले.

"भाभी, ये क्या दिया आपने?"

"क्यों, टूट गया क्या?"

"टूटा ही हुआ है! आधा सिर नहीं है उसका!"

ती हसली आधी. मग माझा चेहरा बघून थांबली. "अरे दीदी, आप भी न! वो मूर्ति थोड़े ही है. गमला है."

"गमला है तो नाक किसलिए है, भाभी? कान किसलिए हैं? गमले को आँखें बंद करके बैठने की क्या ज़रूरत?"

मग तिनं बायका करतात तेच केलं, डोळ्यांत पाणी आणलं. "हमने तो इतने प्यार से दिया." प्रेमानं दिलं हे खरंच होतं, आणि त्यामुळेच माझा राग जाईना. म्हणाली, नकोच असेल तर नर्मदाजीमध्ये सिरवून या, म्हणजे विसर्जन करून या, दोष लागणार नाही. मी म्हणाले, दोष तुम्हाला लागेल की मला? दार लावून आले. त्या दिवसापासून वाटी थांबली.

बाबांना विसर्जनाचं सांगितलं तर ते भडकलेच. आवाज न चढवणारा माणूस! "काहून? चांगला चेहरा पाण्यात काहून बुडवाचा? त्याचा काय गुन्हा हाय?" फेकायचं तर प्रश्नच नव्हता. तसंच ठेवायचं तर बाबा त्या खोलीत पाऊल टाकेनात. आणि स्नेक प्लांटचा तरी काय दोष? त्या बिचाऱ्याला काय माहीत आपण कुठे उगवलोय.

तेव्हा बाबांनी फर्शीवर पेपर पसरायला लावला. खाली बसले, मुंडकं मांडीत घेतलं. आधी खडे सुटे केले. मग झाड मुळासकट अलगद काढून माझ्या हाती दिलं, ते मी मझौलीच्या कुंडीत लावलं. आणि मग माती. मी चमचा दिला तर घेतला नाही. लहान पोराच्या कानातला मळ काढावा तसं बोटानं, चिमटी-चिमटीनं. खाली भोक नव्हतंच, तळाला पाणी साचून चिखल झाला होता, वास येत होता. बघा म्हणजे! जिथे भोक पाहिजे तिथे नाही, आणि जिथे नको तिथे डोकंच उघडं. बाबांनी सगळं धुऊन काढलं, आतून कापडानं पुसलं, आणि रिकामं झालेलं डोकं तळहातानं झाकून बसले.

"टाइल लावल्या तवा पांढरं सिमेंट उरलं होतं ना?"

उरलं होतं, जिन्याखाली अर्धी पिशवी. बाबांनी तारेची जाळी कापायला लावली, तोंडावर वाकवून बसवली, त्यावर सिमेंटचा थर दिला. नवतपाचं ऊन ते, सिमेंट सुकलं कसलं, तडकलंच. सगळं खरवडून पुन्हा केलं. ह्या वेळी वर ओलं पोतं टाकलं आणि मला सांगितलं, सुकू देऊ नको. मी येता-जाता पाणी शिंपडायची. गच्चीवरच्या झाडांना त्या दिवसांत पाणी कमी पडलं असेल, पण त्या पोत्याला नाही.

मग केस. मी सिमेंटच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या वळून द्यायच्या आणि बाबांनी एकेक लावायची, बोटानं जागा चाचपत, शेजारच्या गोळीला चिकटून. डावी बाजू फार सुरेख झाली. उजवीकडे येईपर्यंत ते थकले, बोटं आखडली, मला म्हणाले, "जरा मोठ्या वळ, लवकर भरते." वळल्या मोठ्या. शेवटी वरचा उंचवटा ठेवला आणि गेटला लावून उरलेला पांढरा रंग मारला. सुकल्यावर बाबांनी पुन्हा हातपाय धुतले, बंडी बदलली आणि हनुवटीपासून सुरुवात केली. ह्या वेळी हात वर गेला, कपाळावरून केसांवर, केसांवरून पार मागे मानेपर्यंत उतरला. मी दाराआड जाऊन रडून घेतलं.

भाभी आली काही दिवसांनी, वाटी घेऊनच, कैरीचा मुरांबा. तिला राहवलं नाही आणि मलाही ताणून धरवलं नाही. फळीवर बघून म्हणाली, "बाबूजी ने तो कमाल कर दिया!" मला बरं वाटलं. आणि लगेच पुढे, अगदी काळजीनं, "पर दीदी, अब पौधा किसमें लगाओगी? दूसरा ले आऊँ?" काय करावं ह्या बाईचं! बाबा मात्र हसले, मनापासून.

मिनू नागपूरहून आली तेव्हा फळीवर नवा बुद्ध. "आबाजी, ये कहाँ से आया?" तेव्हा तिचं मराठी समजण्यापुरतं, बोलणं सगळं हिंदीत. बाबा म्हणाले, "शुक्ला भाभीनं देल्ला." तेवढंच. ती आत गेल्यावर मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच अडवलं. "पोरीले सांगू नको. तिले पूर्णच दिसू दे."

मी नाही सांगितलं. बाबा त्यानंतरच्या थंडीत गेले. मिनू त्या फळीसमोर बसून परीक्षांना गेली, नोकरीच्या मुलाखतींना गेली. तो स्नेक प्लांट अजून आहे गच्चीवर, मझौलीच्या कुंडीत त्याची पिल्लं झाली, भाभीलाही दिली. काटक झाडाचं काय, त्याला कुठेही ठेवा, जगतं. म्हणून कुठेही ठेवायचं का?

तर आज नर्सरीतून येऊन मी अशी धुमसत बसलेली, आणि फोन वाजला. मिनूचा, व्हिडिओवाला. मिनू आता हैदराबादला असते, ह्याच महिन्यात तिनं बाल्कनीचं घर घेतलंय भाड्यानं. गेल्या आठवड्यात मला विचारत होती, उन्हात काय टिकेल. मी सांगितलं होतं, सदाफुली लाव, कोरफड लाव, स्नेक प्लांट लाव.

"मम्मी, सब लगा लिया! अडेनियम पण घेतला. आणि बघ, सरप्राइज." कॅमेरा फिरला. "आबाजीवाला! सेम टू सेम. कितना ढूँढा मैंने. याच्यात फक्त वर होल आहे, आबाजीच्या वाल्यात नव्हता ना? तो मैंने मनीप्लांट लगा दिया. छान दिसून राहिला ना?"

बाल्कनीच्या कोपऱ्यात तोच पांढरा चेहरा. तेच मिटलेले डोळे. डोक्यातून वेल बाहेर येऊन कानावर लोंबत होती.

मला राग आला. इतका आला की फोन धरवेना. कोणावर काढायचा? जी पोर आपल्या आबाजीची आठवण म्हणून दुकानं धुंडाळत राहिली, तिच्यावर? विकणाऱ्यांवर तर आहेच. पण खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांचाच राग आला. कशाला इतकं बेमालूम केलंत? कशाला पूर्ण दाखवलंत तिला? जगानं काय केलं होतं ते थोडं तरी दिसू द्यायचं होतं, एक तडा तरी ठेवायचा होता.

"मम्मी? आवडला नाही का?"

"मिनू," मी म्हणाले, "फोन समोर टेकवून ठेव. आणि हात धुऊन ये."

"हाथ? क्यों?"

"धुऊन ये म्हणते ना."

ती आली, हात पुसत, हसत.

"आता डोळे बंद कर. हात लाव त्याला. हनुवटीपासून. हळू. तुझे आबाजी बघायचे तसं बघ."

पोर गुणाची, डोळे मिटले. ओठांवरून बोटं गेली, नाकावरून गेली. पापण्यांवरून तिनं अंगठा फिरवला, कोणी शिकवलं नसताना. कान धरले, तेव्हा तिच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. मग हात कपाळावर गेला, आणि वर गेला.

हसू गेलं. डोळे उघडले नाहीत तिनं. बोटं मातीत तशीच राहिली.

मग म्हणाली, "मम्मी, आबाजीच्या वाल्यात पण होती का?"

"होती," मी म्हणाले. "त्यांनी हातानं काढली."